वळण

दुसऱ्याच्या घरातलं मूल आणि दुसऱ्याच्या घरातलं कुत्रं यांना वळण कसं लावावं, हे जगातल्या प्रत्येक माणसाला बिनचूक ठाऊक असतं. पंचाईत होते ती यांपैकी काही स्वतःच्या घरात आलं म्हणजे. माझ्या घरात मूल एकच आलं. ते आता चौतीस वर्षांचं आहे, कामधंद्याला लागलेलं आहे, त्याला बायको आहे, आणि सणासुदीला 'पाया पड' म्हटलं की ते पाया पडतं. तेव्हा या विषयात आपण पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो आहोत अशी माझी समजूत होती. ती गेल्या पावसाळ्यापर्यंत टिकली.

गेल्या आषाढात एका संध्याकाळी चिरंजीव रंकाळ्यावरून परतले ते रेनकोटाच्या आत काहीतरी दडवून. मला वाटलं, भेळ असेल. पण भेळ 'कुंई' असं म्हणाली. रेनकोटाची बटणं निघाली आणि ओल्या टॉवेलाएवढं एक तपकिरी पिल्लू फरशीवर उतरलं. उतरल्या उतरल्या त्यानं जी पहिली गोष्ट केली ती इथं लिहिण्यासारखी नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, त्या पहिल्या गोष्टीत पाय देऊन ते सबंध घर हिंडून आलं.

"बाबा, याचे वडील मुधोळ आहेत," चिरंजीव म्हणाले, स्थळाची माहिती सांगावी तशा सुरात.

मुधोळ म्हणजे काही साधंसुधं घराणं नव्हे. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही शिकारी जात जोपासली आणि तिची जोडी थेट पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली. २००५ साली भारत सरकारनं या कुत्र्याचं टपाल तिकीटही काढलं. उंच पाय, लांब तोंड, खपाटीला गेलेलं पोट. आमच्या पाहुण्याचे पाय आखूड होते आणि पोट नगाऱ्यासारखं. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला उलटसुलट करून पाहिलं आणि ते म्हणाले, "वडील मुधोळ असतीलही. पण पोरगं आईवर गेलंय."

मग नावावरून परिषद भरली. सूनबाईंनी 'सिंबा' सुचवलं. शेजारच्या वस्तादांनी भिंतीवरून 'रुस्तुम' टाकलं. मी इतिहासाचा हौशी वाचक. मी 'खंड्या' हे नाव पुढं केलं. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा लाडका कुत्रा खंड्या. त्यानं वाघापासून महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात, आणि संगम माहुलीला त्याची समाधी आहे. माझं हे सांगून होईपर्यंत हिनं पिल्लापुढं दुधाची वाटी ठेवली आणि "पी रे बाळ्या" असं म्हटलं. परिषद बरखास्त झाली. अडचण एवढीच, की आमच्या चिरंजीवांनाही ही चौतीस वर्षं बाळ्याच म्हणते. तेव्हापासून "बाळ्या, जेवायला ये" अशी हाक गेली की दोन दिशांनी दोघं येतात, आणि "बाळ्या, परत तिथंच केलास होय रे?" असा आवाज उठला की सूनबाई दचकते.

कोल्हापुरात कुत्र्याला वळण लावणं ही तशी जोखमीची गोष्ट. दत्तमहाराज रोज दुपारी भिक्षेला कोल्हापुरात येतात अशी श्रद्धा आहे, आणि तसबिरीत त्यांच्या पायाशी चार कुत्री असतात. ते चार वेद, असं जाणते सांगतात. कुणाच्याही गळ्यात साखळी नाही, तरी चौघंही शांत. आमच्याकडं एकच होतं, आणि ते चारही वेदांना पुरून उरत होतं. आठवड्याभरात घरात त्याच्या शिक्षणाविषयी तीन पंथ निर्माण झाले.

पहिल्या पंथाचे आचार्य म्हणजे वस्ताद. त्यांची हयात तालमीत गेली. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान हेच त्यांच्या मते विद्यापीठ, बाकीच्या नुसत्या शिकवण्या. ते म्हणाले, "अण्णा, आत्तापास्नं धाक लावा. न्हाईतर उद्या ह्ये तुम्हाला साखळीला बांधून फिरवून आणंल. मालक कोण ह्ये जनावराला कळाय पायजे. मुतलं की नाक घासा त्येचं त्यात. येकदा घासलं की जल्मात इसरणार न्हाई."

वस्तादांना कल्पना नसेल, पण त्यांच्या पंथाला विलायतेतही मोठा आधार होता. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञानं बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ साली लिहिलं की, कळपात सतत वरच्या जागेसाठी झुंज चालते आणि जो जिंकतो तो म्होरक्या. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या पुस्तकानं ही कल्पना घरोघर नेली. लांडग्यावरून ती कुत्र्यावर आली, आणि कुत्रं पाळणारा प्रत्येक माणूस घरातला म्होरक्या व्हायला निघाला. पुढं याच मेकसाहेबांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली कबूल केलं की, रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पोरं. म्होरक्या म्हणजे दुसरंतिसरं कुणी नसून बाप. आधीचं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागं लागले. मराठी लेखकाच्या बाबतीत प्रकाशक हे काम आपणहून करतो, हा भाग वेगळा.

शेंकेलची चूक मला तरी समजू शकते. अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडले तर ते भांडणारच. गणपतीच्या आदल्या दिवशी पुण्याच्या स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीत चढणारी माणसं पाहून कुणी मनुष्यस्वभावावर ग्रंथ लिहिला, तर तोही असाच व्हायचा.

दुसरा पंथ चिरंजीवांचा. त्यांनी एक छोटी डबी आणली. अंगठ्यानं दाबली की ती 'टिक्' वाजते. पिल्लू चुकून जरी बसलं तरी टिक् आणि लगेच बिस्किटाचा तुकडा. मारायचं नाही, ओरडायचं नाही. चुकीकडं दुर्लक्ष करायचं आणि बरोबर वागण्याला बक्षीस द्यायचं. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५१ सालीच हे लेख लिहून सांगितलंय, असं त्यांनी मला ऐकवलं. आठ दिवसांत घर घड्याळाच्या दुकानासारखं वाजू लागलं आणि बाळ्या खरोखरच बसायला शिकला. मात्र तो आधी हाताकडं बघायचा. हातात बिस्कीट असेल तर तो बसायचा. नसेल तर उभ्यानंच विचार करायचा.

मी आयुष्यभर सरकारी कचेरीत नोकरी केलेला माणूस. हाताकडं बघून काम करण्याची ही पद्धत मला ओळखीची वाटली. "अरे, ही तर लाच झाली!" मी म्हणालो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, करू नये ते करण्यासाठी देतात ती लाच. करावं ते केल्याबद्दल देतात तो पगार. तुम्ही पगार घेत नव्हता का?" यावर मला पेन्शनीचे कागद आठवले आणि मी गप्प बसलो. न बिस्कीट मिळता बसलो, हे नमूद करून ठेवतो.

तिसरा पंथ हिचा. या पंथाला ग्रंथ नाही, आचार्य नाहीत, फक्त भांडी आहेत. "लेकरू आहे ते. कळेल हळूहळू. मी जरा दूध-भाकरी घालतो त्याला," असं ही म्हणायची. (कोल्हापूरच्या बायका 'मी घालतो, मी जातो' असंच म्हणतात. इथं अर्धनारीनटेश्वर व्याकरणातच वसलेले आहेत.) या पंथात शिक्षा नाही, बक्षीस नाही, अट नाही. पण श्रावण लागण्याआधीच्या रविवारी या प्रेमाला उकळी फुटली आणि हिनं बाळ्याला वाटीभर पांढरा रस्सा घातला. रात्री तो ओकून ओकून अर्धमेला झाला. डॉक्टर म्हणाले, "कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. पुन्हा द्यायचा नाही." कोल्हापुरात जन्माला येऊन कांदा-लसूण वर्ज्य! भर तांबड्या-पांढऱ्याच्या गावात एवढा कडक चातुर्मास दुसऱ्या कुणाच्या नशिबी आला नसेल. त्या रात्री ही त्याच्या उशाशी बसून राहिली. प्रेमाला माहितीची जोड नसली तर ते विषाच्या वाटीतूनही दूध समजून पाजतं, हे मला त्या रात्री समजलं. तिला सांगायचं धैर्य मात्र झालं नाही.

या तीन पंथांचा निकाल लावण्यासाठी मी आमच्याच गावचा इतिहास काढला. आमच्या कोल्हापुरानं कुत्र्याहून कितीतरी अवघड विद्यार्थी शिकवलेले आहेत. संस्थानच्या काळात इथं काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. देशातले चित्ते दुर्मीळ झाले तेव्हा ते आफ्रिकेहून मागवत. त्यांना शिकवणारे ते चित्तेवान. चित्ता पकडायचा तो वाढलेलाच, कारण शिकार करणं त्याला आईनंच शिकवावं लागतं. तिथं कुणी वस्ताद चालत नाही. मग डोळ्यांवर टोपी चढवून त्याला खाटेला बांधायचं आणि शिकवणाऱ्यानं रात्रंदिवस जवळ राहायचं. बोलायचं, अंगावरून हात फिरवायचा, माणसांच्या आवाजाची सवय लावायची. असं सहासहा महिने. शिकारीत चित्त्यानं काळवीट धरलं की चित्तेवान लाकडी पळीतून त्याच जनावराचं रक्त त्याच्या तोंडाशी धरायचा, आणि तो तिकडं वळला की शिकार काढून घ्यायचा. म्हणजे चिरंजीवांचं बिस्कीट अमेरिकेहून आलेलं नाही, ते आमच्याच गावचं आहे.

पण मला त्यातली दुसरीच गोष्ट खुपली. चित्त्याला कुणी मारून शिकवत नसे. का? चित्तेवान फार दयाळू होते म्हणून असेल, पण मला वाटतं, समोर चित्ता होता म्हणूनही असेल. मार हा नेहमी परत न मारणाऱ्यालाच मिळतो. चित्त्याला नाही, पिल्लाला. साहेबाला नाही, शिपायाला. बापाला नाही, पोराला.

आता खरं सांगायचं तर घरात एक चौथाही पंथ होता. तो माझा. त्याला नाव नव्हतं. आता मी त्याला 'मनःस्थितिवाद' म्हणतो. बाळ्यानं माझ्या धोतराचा सोगा ओढला आणि मी खुशीत असलो तर ती बाळलीला. तोच सोगा, तेच दात, पण वीज गेलेली असली आणि चहा व्हायचा असला, तर तो गुन्हा. एकाच कृत्याला सकाळी कुरवाळणं आणि संध्याकाळी रट्टा. वस्तादांच्या पंथात निदान कायदा तरी आहे. माझ्यात नुसतं हवामान होतं. आणि माझी अशी शंका आहे की, जगातली बहुसंख्य मुलं आणि कुत्री याच चौथ्या पंथात वाढतात, फक्त त्याचा उच्चार कुणी करत नाही.

श्रावणात ते प्रकरण घडलं. माझी कापशीची चप्पल होती. नवी, करकर वाजणारी, ऐटीत घातली की माणूस उगाचच शाहूपुरीपर्यंत चालून येतो अशी. २०२५ च्या जून महिन्यात मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा कंपनीनं याच वळणाच्या चपला दाखवल्या आणि आपल्याकडं गदारोळ झाला, तेव्हा त्या चपलेकडं पाहून माझी छाती चार बोटं फुगली होती. तर एका संध्याकाळी मी बघतो, डाव्या चपलेचा अंगठा गायब! कडा कुरतडलेली, वेणीच्या दोऱ्या लोंबताहेत. त्या दिवशी वीज गेलेली होती. चहा व्हायचा होता. बाळ्या दारात बसलेला होता.

मी वर्तमानपत्राची गुंडाळी केली. चप्पल त्याच्या नाकासमोर धरली आणि विचारलं, "कुणी केलं हे? कुणी केलं?" त्यानं कान पाडले. शेपूट पोटात घातली. डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसायला लागल्या आणि पोटावर सरपटत तो कोपऱ्यात गेला. मी सगळ्यांना म्हणालो, "बघा! चेहराच सांगतोय!" आणि तीन रट्टे दिले. चिरंजीव दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. बाळ्याला उचलून माडीवर आपल्या खोलीत घेऊन गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजवी चप्पलही कुरतडलेली होती. बाळ्या रात्रभर माडीवर बंद दाराआड होता. वस्तादांना बोलावलं. त्यांनी चप्पल उजेडात धरून निरखली, मोरीपाशी जाऊन वाकून पाहिलं आणि निकाल दिला. "अण्णा, ही घूस हाय. कुत्रं चावतं, घूस कुरतडती. ह्या बघा लेंड्या." आणि मग, मला ज्याची अपेक्षा नव्हती ते ते म्हणाले, "उगंच मारलासा बिचाऱ्याला." धाकाचे आचार्य हे म्हणाले! तालमीतसुद्धा, त्यांनी सांगितलं, चुकीच्या पोराला हात लागला तर वस्तादाला दोन दिवस जेवण जात नाही.

"पण त्याचा चेहरा..." मी म्हणालो.

तेव्हा सूनबाईंनी मला एक प्रयोग सांगितला. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी तो २००९ साली प्रसिद्ध केला. चौदा कुत्री घेतली. मालकानं कुत्र्याला 'हा खाऊ खायचा नाही' असं सांगून बाहेर जायचं. मागं कधी कुत्र्याला तो खाऊ द्यायचा, कधी गुपचूप काढून घ्यायचा. मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. निष्कर्ष असा की, तो अपराधी चेहरा खाऊ खाण्यावर अवलंबून नव्हताच. मालक रागावला की चेहरा अपराधी. आणि सर्वांत अपराधी कोण दिसलं? ज्यांनी खाल्लं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, ती कुत्री. ज्याला आपण कबुलीजबाब म्हणतो तो आपल्याच रागाचा आरसा असतो.

मला वाटलं, यासाठी न्यूयॉर्कला जायची काय गरज होती? व्यासांनी हे महाभारताच्या आरंभीच सांगून ठेवलेलं आहे. जनमेजय कुरुक्षेत्रावर यज्ञ करत असतो. तिथं सरमेचा, म्हणजे देवांच्या कुत्रीचा मुलगा येतो. जनमेजयाचे तिघे भाऊ त्याला बडवून काढतात. तो रडत आईकडं जातो. आई विचारते, "तू काही केलंस का?" तो म्हणतो, "मी हविर्द्रव्याकडं बघितलंही नाही, चाटलंही नाही." सरमा यज्ञात येते आणि एवढंच विचारते, की माझ्या मुलाचा काही अपराध नसताना तुम्ही त्याला का मारलंत? ते काहीच उत्तर देत नाहीत. मग ती शाप देते की, तुमच्यावर न दिसणारं भय येईल. लहानपणी मला वाटायचं, एका पिल्लाला मारलं एवढ्यासाठी एवढा मोठा शाप? आता वाटतं, शाप मारण्याबद्दल नसावा. विचारल्यावर उत्तर न देण्याबद्दल असावा.

हे मी रात्री जेवताना मोठ्या रंगात सांगत होतो. सूनबाई कौतुकानं ऐकत होती. तेव्हा चिरंजीव ताटाकडं बघत म्हणाले, "बाबा, ती शंभराची नोट आठवते?"

आठवत होती. १९९९ साल. तो आठ वर्षांचा होता. माझ्या सदऱ्याच्या खिशातून शंभराची नोट गेली होती. तेव्हा शंभर रुपये म्हणजे पुष्कळ. मी त्याला समोर उभं केलं होतं, आणि पट्टी हातात घेतली होती. मला त्या दिवसाचा अभिमानच होता. मुलगा चोरी करायला लागला होता आणि मी वेळीच वळण लावलं. लोकांना ही गोष्ट मी उदाहरण म्हणून सांगत आलो होतो.

"ती मी घेतली नव्हती," तो म्हणाला.

"पण तू कबूल केलं होतंस! 'चुकलं बाबा' म्हणाला होतास!"

"तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत. तेव्हा तुमचा चेहरा बघितला आणि वाटलं, हो म्हटलं की संपेल."

ताटातली आमटी गार होत होती. आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं. सव्वीस वर्षं त्यानं हे ठेवून घेतलं होतं, आणि सांगितलं ते स्वतःसाठी नव्हे, त्या पिल्लासाठी. त्याच वर्षी मेकसाहेब आपली चूक कबूल करत होते आणि मी कोल्हापुरात पट्टी घेऊन उभा होतो. मी त्याला प्रामाणिकपणा शिकवत होतो अशी माझी समजूत. प्रत्यक्षात तो एकच विषय शिकला : बापाचा चेहरा वाचायचा आणि खोटं बोलून मोकळं व्हायचं. आणि त्यानंतर तो कधी खोटं बोलला नाही हे श्रेय माझं नव्हे, त्याचं आहे.

कुत्र्याची माफी मागणं सोपं असतं. सकाळी मी बाळ्यापुढं बसलो होतो, तेव्हा त्यानं आधी वर्तमानपत्र कुठं आहे ते पाहिलं आणि मग माझी बोटं चाटली. पोराची माफी मागणं अवघड. आमच्या पिढीला त्याचे शब्दच कुणी शिकवले नाहीत. वडीलमाणूस चुकलं तर फार तर ते "बरं, जेवून घे" असं म्हणायचं. मीही तेच म्हणणार होतो. पण त्या तिघा राजपुत्रांचं काहीच न बोलणं मी नुकतंच एवढ्या रंगात सांगितलं होतं, की आता आयती पळवाट राहिली नव्हती.

"चुकलं रे," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि आमटी वाढून घेतली. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "बाळ्या, भात आणतो हं!" आणि टेबलाखालून दुसरा बाळ्या शेपूट हलवत निघाला.

आज तो वर्षाचा झाला आहे. बिस्किटाशिवाय दहातून सहा वेळा बसतो. वस्ताद भिंतीवरून अजून धाकाचं प्रवचन देतात, पण त्यांच्या खिशात बिस्किटाचा चुरा सापडतो. ही हल्ली त्याचा भात कांदा-लसणाशिवाय वेगळा शिजवते. मी माझा पंथ सोडण्याचा प्रयत्न करतो आहे. वीज गेली आणि चहा व्हायचा असला, तर आधी स्वतःलाच 'बस' म्हणतो. दहातून सहा वेळा बसतो.

ज्या महाभारताच्या आरंभी एक पिल्लू विनाकारण मार खातं, त्याच्या शेवटी एक कुत्रं युधिष्ठिराबरोबर थेट स्वर्गाच्या दारापर्यंत चालत जातं, आणि त्याला टाकून आत यायला युधिष्ठिर नकार देतो. हे कुत्रं म्हणजे साक्षात धर्म होता. पण त्याला युधिष्ठिरानं कोणत्या पद्धतीनं शिकवलं होतं, हे व्यासांनी कुठंच लिहिलेलं नाही. त्यांनी एवढंच लिहिलंय की, ते मागं मागं येत राहिलं.